विद्यार्थिनींच्या ऋतुवेदना

श्रोतेहो, आजचा विषय आपल्या घरांत बहुधा माजघराबाहेर येत नाहीं. मीं तीस वर्षें शाळेंत शिकविलें. एखादी मुलगी महिन्यांतून एक दिवस गैरहजर राहिली, कीं ‘हें नेहमींचेंच निमित्त!’ असें मनाशीं म्हणून मी हजेरीपटावर खूण करीत असें. पुढें माझी धाकटी मुलगी कॉलेजांत जाऊं लागली. परीक्षेच्या सकाळीं ती पोट धरून, घामाघूम होऊन बसलेली मीं पाहिली, तेव्हां त्या खुणांची मला लाज वाटली.

ही वेदना उद्भवते तरी कशी? ऋतुकालीं गर्भाशयाच्या आंतल्या अस्तरांत प्रॉस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांच्या योगानें गर्भाशयाचा स्नायु जोरानें आकुंचन पावतो, रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायूचा पुरवठा कमी पडतो आणि कळ उठते. याच द्रव्यांमुळें कित्येकींना मळमळ व जुलाबही होतात. १९७१ सालीं जॉन व्हेन यांनीं ॲस्पिरिनसारखीं औषधें या द्रव्यांची उत्पत्तीच रोखतात असें दाखविलें. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. तात्पर्य, ही वेदना म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे.

तिच्यावर उपायही आहेत. ओटीपोट शेकल्यानें आराम पडतो. नियमित व्यायामाचाही उपयोग होतो. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड हें औषध कळ सुरू होतांच, कांहीं खाऊन घेतल्यास अधिक गुण येतो. मात्र जठरव्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांस विचारल्यावांचून तें घेऊं नये.

‘लग्न झालें म्हणजे थांबेल’ असें सांगून मुलीस गप्प बसविणें हें मात्र घातक आहे. वेदना वर्षानुवर्षें वाढत गेली, पाळी नसतांनाही पोट दुखूं लागलें, रक्तस्राव अतिशय झाला अथवा औषधानें उतार पडेना, तर एंडोमेट्रिओसिससारखा विकार असूं शकतो. त्यांत अस्तरासारखी पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढते. सोसण्याच्या संवयीमुळें त्याचें निदान लांबतें.

आतां शिक्षणसंस्थांविषयीं दोन शब्द. १९१२ सालीं, तेव्हांच्या कोचीन संस्थानांत, त्रिपुणित्तुरा येथील सरकारी मुलींच्या शाळेंत ऋतुकालामुळें चुकलेली परीक्षा मागाहून देण्याची मुभा दिल्याची नोंद आहे. त्याच परिसरांतील कोची विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठानें जानेवारी २०२३ मध्यें विद्यार्थिनींना प्रत्येक सत्रांत हजेरीची २ टक्के सवलत दिली, आणि लगोलग केरळ सरकारनें ती आपल्या उच्चशिक्षण खात्याखालील विद्यापीठांस लागू केली. ७५ टक्क्यांच्या जागीं ७३ टक्के हजेरी पुरेशी ठरली.

अशा सवलतीनें वेदना जात नाहीं. परंतु ती खरी आहे हें संस्थेनें मान्य केलें, एवढें तरी मुलीस कळतें. घरांत तेंच मान्य करावयास कोणत्याही ठरावाची गरज नाहीं. मुलगी ‘दुखतें’ म्हणाली, तर प्रथम तिच्यावर विश्वास ठेवावा. मीं तो फार उशिरां ठेवला. आपण तसें करूं नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.