पीठ निळं का झालं?

करंज्याच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचची वाट बघत उभे असाल, तर समोर खाडी असते आणि पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर. उरण-पनवेलच्या या पट्ट्यात खाडीलगत माणसांनी बांध घालून समुद्राकडून शेतं मिळवली. खारं पाणी बांधाबाहेर ठेवायचं आणि पावसाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीत सोडायचं, असा हा कारभार. उन्हाळ्यात या जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. पाऊस लागला की बरंचसं मीठ धुऊन जातं आणि त्याच चिखलात भात उभा राहतो. मात्र बांधाला खांड गेली आणि भरतीचं पाणी आत शिरलं, की साधा भात करपून जातो.

सगळाच भात करपत नाही, बरं का! आपल्या खारपट्ट्यात काळा रता, भुरा रता असे जुने वाण होते. जाडाभरडा तांदूळ, पण खाऱ्या पाण्याला दाद न देणारा. पनवेलला खास खार जमिनीसाठी एक संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी भुरा रत्याचा संकर आयआर-८ या फिलिपिन्सहून आलेल्या बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या भाताशी केला. त्यातून १९८०च्या दशकात ‘पनवेल-१’ आणि ‘पनवेल-२’ हे वाण निघाले.

संकर म्हणजे नेमकं काय करतात? भाताच्या लोंबीतलं एक फूल घ्या. एका तुसाएवढं ते! त्याच्या आत सहा इवले पिवळट परागकोश असतात. भाताचं फूल भारी स्वावलंबी. ते उमलता उमलताच स्वतःचे पराग स्वतःवर पाडून घेतं. म्हणून शास्त्रज्ञाला त्याच्या आधी पोचावं लागतं. कात्रीने तुसाचं टोक कापायचं, चिमट्याने सहाच्या सहा परागकोश अलगद काढायचे, एकही फुटू द्यायचा नाही. मग लोंबीवर कागदी पिशवी घालायची आणि दुसऱ्या वाणाचे पराग आणून त्यावर झटकायचे. एवढं करून हाती येतात थोडेसे दाणे. ते पेरायचे, त्यातली चांगली रोपं निवडायची, पुन्हा पेरायची, पुन्हा निवडायची. एक वाण तयार व्हायला सहज आठ-दहा वर्षं जातात. या कामाच्या माणसांना पैदासकार म्हणतात, आणि चिकाटीच्या बाबतीत आमच्या खाडीवर गळ टाकून बसणारेही त्यांच्यापुढे फिके.

तरी खाऱ्या भाताच्या पैदासकाराला एक मोठी सोय असते. त्याची परीक्षा मीठच घेतं. जे रोप मेलं ते नापास, जे हिरवं राहिलं ते पास. शेताच्या बांधावरूनच निकाल कळतो.

आता समजा तुम्हाला असं धान्य हवंय, ज्यात लोह जास्त आहे. लोह आपल्याला रक्तासाठी लागतं. रक्तातलं हिमोग्लोबिन श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतं आणि ते बनायला लोह हवंच. कमी पडलं की दम लागतो, डोकं चालेनासं होतं. पण लोहवाला दाणा आणि बिनलोहाचा दाणा शेजारी ठेवलात तर? रंग तोच, वजन तेच, चवही तीच. कुणाला पास करायचं?

हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथे के. एन. राय हे बाजरीचे पैदासकार आणि त्यांचे सहकारी नेमक्या याच कोड्यात पडले होते. हजारो नमुने तपासायचे. एकेक नमुना आम्लात विरघळवून महागड्या यंत्रात घालायचा म्हणजे वेळही जाणार आणि पैसाही. म्हणून त्यांनी एक जुनी युक्ती वापरली. बाजरी दळायची, चिमूटभर पिठावर एका रसायनाचे थेंब टाकायचे आणि दहाएक मिनिटं थांबायचं. ज्या पिठात लोह जास्त, ते गडद निळं होतं. कमी असेल तर फिकट. बाजरीचं निळं पीठ! (हे रसायन आम्लात मिसळलेलं असतं, तेव्हा घरच्या पिठावर प्रयोग नकोत. आईचा निकाल लगेच लागेल.)

पुढे क्ष-किरणांचं यंत्र आलं. त्यात दाणे वाटीत ठेवायचे, दळायचीही गरज नाही. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतात. लोहाचे वेगळे, जस्ताचे वेगळे. यंत्र ते मोजून आकडा सांगतं. दाणे जसेच्या तसे राहतात, म्हणजे तेच पुन्हा पेरताही येतात.

यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी कोणती असेल? धूळ! मातीत लोह दाण्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असतं. कणसावर थोडी माती उडाली, की गरीब बिचारी बाजरी एकदम पहिली येते. म्हणून हे शास्त्रज्ञ आकडा फार मोठा आला की खूश होण्याऐवजी आधी संशय घेतात. नमुन्यात ॲल्युमिनियम किती आहे तेही बघतात, कारण ते दाण्यात नगण्य आणि मातीत भरपूर असतं. ते जास्त निघालं, तर दाण्याने कॉपी केली असं समजा. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग फार आवडतो.

शोधता शोधता त्यांची नजर ठरली ती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्याच एका बाजरीवर. तिचं नाव आयसीटीपी ८२०३. तिचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातले. टपोरा, करडा दाणा आणि लवकर तयार होणारी, म्हणून १९८८पासून ती आपल्याकडे पेरली जात होती. तेव्हा तिच्यातलं लोह कुणी बघितलंही नव्हतं. मोजलं, तर ते मुळातच बरंच निघालं. शिवाय तिची सगळी रोपं सारखी नव्हती, काहींच्या दाण्यात आणखी जास्त होतं.

बाजरीचा स्वभाव भाताच्या उलट. तिच्या कणसावर आधी पिसांसारखे पांढरे कुक्षींचे तुरे बाहेर येतात आणि स्वतःचे पराग त्यानंतर काही दिवसांनी. तोवर वाऱ्याने शेजारणीचे पराग येऊन पडलेलेसुद्धा असतात. म्हणून पैदासकार तुरे दिसायच्या आतच कणसाला कागदी पिशवी चढवतो. अशा जपलेल्या कणसांमधून जास्त लोहाची निवडायची आणि त्यांचा आपापसात संकर करायचा, असं करत जी बाजरी तयार झाली, तिचं नाव ‘धनशक्ती’. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीने ती महाराष्ट्रात आली २०१२ मध्ये. किलोभर धनशक्तीत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे केवढं? एका बारीक टाचणीच्या वजनाएवढं! एवढ्याशासाठी एवढी वर्षं. आणि उत्पन्नही आधीच्यापेक्षा जास्त, कारण नुसतं लोह आहे म्हणून कुठला शेतकरी बियाणं घेणार?

पण दाण्यात असलेलं लोह पोटात गेल्यावर रक्तापर्यंत पोचतं का? ते बघायला तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी दिली. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची, काहींना साध्या. ज्या मुलांच्या अंगात लोह कमी होतं, त्यांच्यात जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्यांचं लोह भरून येण्याची शक्यता दीडपटीहून अधिक निघाली. यातल्या काही मुलांचं लक्ष आणि स्मरणशक्ती तपासली, तर त्यातही जास्त लोहाची भाकरी खाणारी पुढे होती. गृहपाठाबद्दल अहवालात काही दिसत नाही.

आता तुमच्या-आमच्या करंज्याकडे भाकरी तांदळाची, आणि पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळात लोह फारच थोडं उरतं, कोंड्याबरोबर बरंचसं निघून जातं. बाजरीची भाकरी केलीत कधी, तर सोबत लिंबाची फोड घ्या. आंबटातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहात बुडवून खाल्लीत तर उलटं होतं, चहा लोहाला अडवून धरतो.

निळ्या पिठाचा प्रयोग करणाऱ्यांमध्ये वेलू गोविंदन नावाचा एक तरुण होता. पुढे तो मेक्सिकोतल्या सिमिट या गहू-मक्याच्या संस्थेत गेला आणि जास्त जस्ताच्या गव्हामागे लागला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही एमएसीएस ४०२८ हा प्रथिनं, लोह आणि जस्त जास्त असलेला बन्सी गहू काढलाय.

आणि बाजरीपुरता तर आपल्या देशात २०१८ पासून नियमच झालाय. नवा वाण कितीही पिको, त्याच्या किलोभर दाण्यात निदान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त हवं. नाहीतर नापास.