चिखलवाट – ९ : निफाडची पहाट आणि गणपतीतलं पेट्रोल

व्हॉल्व्हच्या फटीवर आज लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर गेलं. निफाडहून एक पत्र आलंय आणि त्याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नाही.

पत्र लिहिणारे द्राक्षबागायतदार आहेत. दोनशे सीसीची इंजेक्शनवाली मोटरसायकल बागेतून आणि नदीकाठच्या दगडधोंड्यांतून हाकतात. ही लेखमाला ते नीट वाचतात हे प्रश्नावरूनच कळलं. चावी फिरवल्यावर पंप घूं करतो. सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली जात नाही. तापमानाचा सेन्सर रात्रभर उभ्या गाडीवर हवेइतकंच तापमान दाखवतो. प्लग नवा आहे. म्हणजे आतापर्यंतचा सगळा गृहपाठ झालेला. तरी डिसेंबर लागल्यापासून पहाटे गाडी दम काढते. फट् करते, विझते, पुन्हा फट्. एकदा धरली की मग तक्रार नाही, आणि दुपारी तर एका बोटात चालू. गॅरेजवाल्याने निकाल देऊन टाकलाय: "ई-ट्वेंटीचं पेट्रोल आहे, भाऊ. इथेनॉल थंडीत पेटत नाही. त्याला इलाज नाही."

निफाडमध्ये हे वाक्य ऐकावं लागणं जरा क्रूर आहे. राज्यातला नीचांकी पारा हिवाळ्यात अनेकदा तिथे मोजला जातो, ५-६ अंश म्हणजे नवल नाही. त्यात तालुका द्राक्षाबरोबर उसाचाही. आपल्याच भागातल्या उसापासून काढलेल्या इथेनॉलने आपलीच गाडी अडवली, असा त्याचा अर्थ. आणि पहाटेच गाडी लागण्याचं कारण असं की थंडी वाढली की मण्यांना तडे जातात, म्हणून उजाडायच्या आत बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं. त्या वेळी सेल्फ मारत बसायला सवड कुणाला आहे?

ई-ट्वेंटी म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. गॅरेजवाल्याचं म्हणणं शुद्ध इथेनॉलपुरतं अगदी बरोबर आहे. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो पदार्थांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३०-३५ अंशांपासून उकळू लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. थंड इंजिनात पहिला भडका उडतो तो फक्त हलक्या घटकांच्या वाफेचा. चुलीत लाकडाआधी काटक्या पेटवतात, तसं. इथेनॉलमध्ये या काटक्याच नाहीत. ते सगळंच्या सगळं ७८ अंशांना उकळतं, आणि साधारण १३ अंशांच्या खाली त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफच जमत नाही. पेट्रोलला हेच उणे ४० अंशांपर्यंत जमतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, ती ओढून घेताना ते सिलिंडरातली हवा आणखी गार करतं.

हा त्रास कुणी आयुष्यभर काढला असेल तर ब्राझीलने. तिथे १९७५ मध्ये सरकारने उसाच्या इथेनॉलची योजना आणली, १९७९ मध्ये फियाट १४७ ही निव्वळ इथेनॉलवर चालणारी कार बाजारात आली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या कार इथेनॉलवरच्या होत्या. थंडीवर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी. पहाटे इंजिन गार असेल तर त्यातलं थोडं पेट्रोल आत फवारायचं, इंजिन धरलं की पुढे इथेनॉल. २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोलपासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या कार आल्या, त्यांच्यातही ही छोटी टाकी राहिली. इंजेक्टरकडे जाणारं इंधन आधीच तापवून ती काढून टाकणं जमलं ते २००९ मध्ये.

ही टाकी लक्षात ठेवा, कारण ती हमखास दगा द्यायची. वर्षातले मोजके दिवस लागणारं पेट्रोल तिच्यात महिनोन्‌महिने पडून राहायचं. ऐन थंडीच्या सकाळी त्यातल्या काटक्या कधीच उडून गेलेल्या असायच्या आणि मागे चिकट राळ उरलेली असायची. म्हणजे थंडीत गाडी चालू व्हावी म्हणून ठेवलेलं पेट्रोलच शिळं होऊन गाडी अडवायचं.

आता मोटरसायकल. २००९ मध्येच होंडाने ब्राझीलमध्ये सीजी १५० टायटन मिक्स काढली, दोन्ही इंधनांवर चालणारी इंजेक्शनवाली फोर-स्ट्रोक. दुचाकीवर दुसरी टाकी ठेवायला जागा कुठली? मग सूचना एवढीच होती, की पारा १५ अंशांच्या खाली जाणार असेल तर टाकीत निदान २० टक्के पेट्रोल राहू द्या. आणि तिथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये तेव्हा मुळातच वीस-पंचवीस टक्के इथेनॉल असायचं! टाकीतलं चार पंचमांशाहून जास्त इंधन इथेनॉल असूनही त्या गाडीला गार सकाळ पार करता येत होती. आपल्या ई-ट्वेंटीत प्रमाण उलटं आहे, ८० टक्के पेट्रोल. वर गंमत अशी, की इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब घटत नाही, उलट किंचित वाढतो. ताज्या ई-ट्वेंटीला ६ अंशांत वाफेची अडचण नाही.

एक गोष्ट इथेनॉलच्या खात्यावर मात्र टाकावी लागेल. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. ई-ट्वेंटीचा आकडा १३.५ च्या आसपास येतो. ईसीयू, म्हणजे इंजेक्शनचा हिशोब ठेवणारा मेंदू, साध्या पेट्रोलसाठी बेतलेला असेल तर मिश्रण ७-८ टक्के लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं, दहा टक्के इथेनॉलसाठी बेतलेला असेल तर ४ टक्के. रस्त्यावरच्या गाड्यांत सायलेन्सरकडच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर हे भरून काढतो, पण तो स्वतः तापल्याशिवाय बोलत नाही. पहिल्या मिनिटात ईसीयू जुन्या हिशोबावरच चालतो. निव्वळ मोटोक्रॉसच्या गाड्यांना तर तो सेन्सरच नसतो. तरीही गार इंजिनाला ईसीयू गरम इंजिनापेक्षा कितीतरी जास्त इंधन पाजत असतो, त्यात ४-८ टक्क्यांनी धडधाकट गाडी अडत नाही. आधीच काठावर आलेली गाडी मात्र तेवढ्याने पलीकडे कलंडते. सरकारी आराखड्यात ई-ट्वेंटी सोसणारे भाग एप्रिल २०२३ पासून आणि त्यासाठीच बेतलेली इंजिनं एप्रिल २०२५ पासून, असे दोन टप्पे होते. तुमची गाडी त्यांच्या आधीची की नंतरची, ते एकदा पाहून ठेवा.

मग निफाडच्या गाडीला काठावर आणलं कुणी? उत्तर पत्राच्या शेवटी, त्यांनी सहज लिहिलेल्या ओळीत आहे: टाकी गणपतीत भरली होती, नंतर छाटणीच्या धांदलीत गाडी जवळजवळ उभीच. डिसेंबरपासून रोज फक्त बागेला एक चक्कर. मोठ्या टाकीत तेच पेट्रोल अजून आहे.

मातीतल्या गाड्यांची खरी व्याधी ही. ऑफिसला जाणाऱ्या गाडीत पेट्रोल आठवडाभरही टिकत नाही. आपल्या गाड्या हंगामात पळतात आणि एरवी पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असतात. ऑक्टोबरच्या उन्हात शेड तापते, टाकीच्या झाकणातल्या श्वासनळीतून हलके घटक रोज थोडे थोडे निघून जातात. दुपारी किंवा इंजिन गरम असताना त्यांची उणीव जाणवत नाही, जाणवते ती पहाटे. पत्रातलं वर्णन शब्दशः हेच आहे.

इथेनॉल दुसऱ्या दाराने येतं ते इथे. ते हवेतला ओलावा शोषतं. हे पाणी मिश्रणात विरघळलेलं असतं तोवर फारसं बिघडत नाही. पण ते धरून ठेवायची क्षमता पारा उतरला की कमी होते. ऑक्टोबरमध्ये गुण्यागोविंदाने राहिलेलं पाणी डिसेंबरच्या रात्री इथेनॉलला बरोबर घेऊन वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचं तोंड तळाशीच असतं. पहाटे पहिला घोट कशाचा जातो, ते सांगायला नको.

तपासायचं कसं? नाशिकचे एक जुने मिस्त्री पेट्रोलचे दोन थेंब तळहातावर चोळायचे. ताजं असेल तर हात गार पडून क्षणात कोरडा, शिळं असेल तर तेलकट ओशट डाग मागे राहतो आणि वासात व्हार्निशची झाक येते. तुम्ही तळहाताऐवजी स्टीलची बशी घ्या. बरोबर आजच्या पेट्रोलचे दोन थेंब शेजारी ठेवा, फरक डोळ्यांना दिसतो. पाण्यासाठी टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर बाहेर गारठ्यात ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला किंवा सगळंच दुधाळ झालं, तर आणखी पुरावा नको. आणि इथेनॉल खरंच वीस टक्केच आहे ना, हे बघायचंय? मोजपात्रात १०० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घालून हलवा, थांबा. खालचा थर २० वरून ४० च्या जवळ गेला, तर पंपवाल्याशी भांडू नका.

मग टाकी रिकामी करा. उघड्यावर, गार इंजिनावर, आणि बागायतदार मंडळींनी शेकोटीपासून लांब. काढलेलं पेट्रोल नुसतं शिळं असेल तर कारच्या भरलेल्या टाकीत थोडं थोडं खपतं; थर आलेलं कुठल्याच गाडीत नको, आणि बांधावर ओतायचं तर नाहीच. दोन लिटर ताजं भरा. चावी फिरवा, पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घूं होऊ द्या, बंद करा. असं तीन-चार वेळा. दाब भरत आला की आवाजाची पट्टी उतरते, कान दिला तर कळतं. रेस देऊ नका, इंजेक्शनच्या गाडीत बंद इंजिनावर मूठ पिळून पेट्रोल जात नाही. चालू झाली की लगेच समाधान मानू नका. नळीत आणि इंजेक्टरमध्ये जुनं उरलेलं असतं, म्हणून पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा. खरा निकाल दुसऱ्या दिवशी पहाटे.

तेवढ्याने भागलं नाही तर पेट्रोलच्या जाळीकडे वळा. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि तो तिथे अडकतो. काही परदेशी एन्ड्युरो गाड्यांत नळीच्या जोडणीतच बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती साफ करत बसण्यापेक्षा बदलावी, असं माझं मत.

बॅटरी नसलेल्या किकच्या गाडीवाल्यांसाठी एक टीप. टाकी रिकामी करून भरली की पंपाला वीज तुमच्या पायातूनच मिळणार आहे. नळी भरेपर्यंत दहा-पंधरा किका नुसत्या जातील, घाबरून प्लग काढू नका. आणि गाडी बराच काळ उभी ठेवायची म्हणून पंप कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायची कार्बोरेटरच्या काळातली सवय सोडा. हा पंप पेट्रोलमध्येच बुडून गार राहतो.

निफाडकरांनी निकाल कळवावा. ताज्या पेट्रोलवर आणि नव्या जाळीवरही गाडी फट् करून विझत असेल, तर ती व्हॉल्व्हचीच गाडी आहे. पुढच्या आठवड्यासाठी फीलर गेज आणून ठेवा, ०.०५ मिलिमीटरपासूनची पाती असलेली घ्या, आणि व्हॉल्व्हचं झाकण उघडायच्या आदल्या रात्री गाडी अजिबात चालवू नका.