उष्ण प्रदेशातील प्रवासी आणि डास

कंपाला किंवा मोंबासा येथे निघालेला भारतीय प्रवासी डासांविषयी बहुधा निश्चिंत असतो. ज्यांच्या गुणगुणण्यात बालपण गेले, त्यांचे भय ते काय! हा विश्वास फसवा आहे. वारंवार हिवताप झालेल्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती उत्पन्न होते खरी. परंतु तो प्रदेश सोडल्यावर ती ओसरते, आणि शहरात वाढलेल्या पुष्कळांच्या ठायी ती मुळातच नसते. शिवाय आफ्रिकेतील हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम या अत्यंत घातक परजीवीचा असतो. डेंग्यूच्या बाबतीत तर जुना परिचय उलटच भोवतो. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेलेल्यास पुढे दुसरा झाल्यास दुखणे अधिक तीव्र होण्याचा संभव असतो.

प्रवाशाने डासाची वेळ ओळखावी. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना ज्याच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले, तो अ‍ॅनॉफिलीस डास मुख्यत्वे सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. ईडिस हा पायांवर पांढरे पट्टे असलेला डास मात्र दिवसाढवळ्या रक्त शोषतो. डेंग्यू, चिकुनगुन्या व पीतज्वर ही त्याची देणगी. पीतज्वराचा आरोप हॅवानाच्या कार्लोस फिनले यांनी त्याच्यावर १८८१ सालीच ठेवला होता. तो सिद्ध होण्यास १९०० साल उजाडावे लागले.

म्हणून केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून चालत नाही. ती कीटकनाशकात भिजवलेली असावी व तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि उघड्या अंगास डीट असलेले मलम लावावे. उन्हापासून बचावाचे मलम लावावयाचे असल्यास ते आधी. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात व परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात.

पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. २०१६ पासून तिचा दाखला आजन्म ग्राह्य धरला जातो. परतताना आपल्या विमानतळावर तो मागतात, यास सबळ कारण आहे. पीतज्वर भारतात नाही, परंतु ईडिस येथे घरोघर आहे.

फाल्सिपेरमची लागण झाल्यावर ताप येण्यास निदान आठवडा लागतो, कधी महिनेही. तेव्हा परतल्यावर ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, आणि आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे डॉक्टरांस प्रथम सांगावे.