व्हॅनकूव्हरच्या रात्रीपर्यंत : कॅनडाच्या विद्यापीठ फुटबॉलचा 2011चा हंगाम

कॅनडातल्या विद्यापीठांचा फुटबॉल हंगाम ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होतो आणि नोव्हेंबर संपेपर्यंत आटोपतो. संघाच्या वाट्याला साखळीत आठ-नऊ सामने येतात आणि मग बाद फेरी. तिथे एक सामना हरला की मुलं परत परीक्षांच्या तयारीला लागतात. एवढ्या लहान हंगामात एखादी चूक भरून काढायला फारशी जागा उरत नाही. 2011च्या हंगामाकडे वळून पाहताना मला तो असाधारण वाटतो तो यासाठीच, कारण त्या वर्षी चूक भरून काढण्याची संधी अनेकांना मिळाली आणि त्यांनी ती घेतली.

हा अमेरिकन फुटबॉलचा जवळचा भाऊबंद, पण नियम त्याचे स्वतःचे. मैदान 110 यार्डांचं, खेळाडू बारा, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच प्रयत्न. मारलेली किक गोलात गेली नाही, पण चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रातच अडकला किंवा तिथून पलीकडे गेला, तर मारणाऱ्याला एक गुण मिळतो. हा एक गुण लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे.

हंगामाची सुरुवात झाली तेव्हा सगळ्यांचं लक्ष वॉटर्लू विद्यापीठाकडे होतं. 2010 साली तिथल्या संघातल्या सगळ्या खेळाडूंची उत्तेजक द्रव्यांसाठी चाचणी झाली, नऊ प्रकरणं उघड झाली आणि विद्यापीठाने अख्ख्या संघाचा त्या वर्षीचा हंगामच रद्द केला. ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा मुलांचंही वर्ष त्यात गेलं. विद्यार्थी खेळाडूच्या हाती मोजकीच वर्षं असतात. त्यातलं एक दुसऱ्याच्या अपराधापायी जावं, हे मला आजही जड वाटतं. 2011मध्ये वॉटर्लू पुन्हा मैदानात उतरलं. ते किती सामने जिंकले यापेक्षा संघ उभा राहिला, याचं मोल जास्त.

पश्चिमेकडे रेजायनात एकीम हिक्स नावाचा अजस्र कॅलिफोर्नियन बचावफळीत खेळत होता. अमेरिकेत लुइझियाना स्टेटकडून खेळण्याचा त्याचा मार्ग नियमभंगाच्या प्रकरणामुळे बंद झाला, म्हणून तो सस्कॅचवनच्या माळरानावर आला होता. पुढच्याच वसंतात न्यू ऑर्लिन्स सेंट्सने एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेच्या निवडीत त्याला तिसऱ्या फेरीत उचललं. इकडे माँट्रियालच्या मॅकगिलमध्ये लॉराँ द्युव्हेर्ने-तार्दीफ वैद्यकीय शिक्षण आणि फुटबॉल एकाच वेळी सांभाळत होता. पुढे तो कॅन्सस सिटीकडून सुपर बोल जिंकला आणि 2020च्या साथीत व्यावसायिक हंगाम सोडून वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला गेला. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून हेक क्रायटन करंडक मिळाला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या क्वार्टरबॅक बिली ग्रीनला. एका मोसमात एवढी माणसं होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे सामने पाहायला गावच्या जत्रेएवढीही गर्दी नसे.

क्यूबेक शहरातली गोष्ट वेगळी होती. लावाल विद्यापीठाचा संघ 1996 साली सुरू झाला तो खाजगी पाठबळावर, फर्निचर व्यवसायातल्या झाक टाँगे यांच्या पुढाकाराने. पूर्णवेळ प्रशिक्षक, नेटकी व्यवस्था, खचाखच भरणारं मैदान असा थाट इतर विद्यापीठांना झेपणारा नव्हता. पंधरा वर्षांत लावालने राष्ट्रीय विजेतेपदाचा व्हॅनिए करंडक सहा वेळा नेला आणि वेस्टर्न ऑन्टॅरिओच्या विक्रमाशी बरोबरी केली. 2010चे विजेतेही तेच. 2011मध्ये प्रशिक्षक ग्लेन कॉन्स्टंटिन यांचा संघ सातव्या, म्हणजे विक्रमी विजेतेपदासाठी उतरला होता.

हॅमिल्टनच्या मॅकमास्टरकडे असा इतिहास नव्हता. 1967 साली ते अंतिम सामन्यात पोचले आणि अल्बर्टाकडून 10-9 असे एका गुणाने हरले. त्यानंतर 44 वर्षं अंतिम सामना नाही. 2000 ते 2003 सलग चार वर्षं ऑन्टॅरिओचा येट्स करंडक त्यांनी जिंकला, तेव्हाचे प्रशिक्षक होते ग्रेग मार्शल. 2011मध्ये तेच मार्शल वेस्टर्नचे प्रशिक्षक होते आणि साखळीत त्यांच्याच संघाने मॅकमास्टरला हरवलं. मॅकमास्टरचा साखळीतला तो एकमेव पराभव. नोव्हेंबरात येट्स करंडकाच्या सामन्यात दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि मॅकमास्टरचे प्रशिक्षक स्टेफन टाशेक यांच्या मुलांनी 41-19 अशी परतफेड केली. उपांत्य सामन्यात त्यांनी अकेडियाला हरवलं, तर लावालने कॅल्गरीला.

अंतिम सामना 25 नोव्हेंबरला, शुक्रवारी रात्री, व्हॅनकूव्हरच्या बी. सी. प्लेसमध्ये झाला. नवं उघडझाप होणारं छत बसवून ते मैदान दोनच महिन्यांपूर्वी पुन्हा सुरू झालं होतं. रविवारी तिथेच व्यावसायिक फुटबॉलचा ग्रे करंडक व्हायचा होता, त्यामुळे देशभरातले शौकीन शहरात आधीच जमले होते.

मध्यंतराला मॅकमास्टर 23-0 पुढे. क्वार्टरबॅक काइल क्विनलनला थोपवणं लावालला जमत नव्हतं. पास आणि धाव मिळून त्याने त्या रात्री पाचशेहून जास्त यार्ड कमावले. एवढ्या आघाडीनंतर सामना संपलाच, असं कोणीही म्हटलं असतं. पण लावालने पंटवर आलेला चेंडू थेट टचडाउनपर्यंत पळवला, क्विनलनचा एक पास अडवून तोही गोलक्षेत्रात नेला, आणि बघता बघता सलग 24 गुण जोडून एका गुणाची आघाडी घेतली. लावालची ही जिद्द निव्वळ पैशातून आली असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. 23 गुणांनी मागे पडलेला संघ मनाने खचला नाही, याचं श्रेय त्या मुलांचंच. मग मॅकमास्टर सावरलं, लावालही हटेना, आणि धावफलक 31-31 वर आला.

निर्धारित वेळेतला शेवटचा डाव. मॅकमास्टरचा किकर टायलर क्रॅपिन्या याच्यासमोर 30 यार्डांचा फील्ड गोल होता. या पातळीच्या किकरने दहापैकी नऊ वेळा मारावा असा. तो चुकला. इथे तो एक गुण आठवावा : चेंडू गोलक्षेत्रात अडकला असता, तरी मॅकमास्टर एका गुणाने विजेतं ठरलं असतं. लावालने चेंडू गोलक्षेत्रातून बाहेर काढला आणि सामना जादा वेळेत गेला.

किकरच्या एकटेपणाविषयी फार कमी लिहिलं जातं. बाकी अकरा जणांची चूक गर्दीत झाकली जाते, त्याची मात्र सगळ्या मैदानाला दिसते. शिवाय चूक झाल्यावर धावून, झटून ती भरून काढता येत नाही. कडेला उभं राहून पुढचं बोलावणं येण्याची वाट पाहायची, एवढंच त्याच्या हातात असतं. जादा वेळेच्या पहिल्या फेरीत दोन्ही संघांनी टचडाउन केले, 38-38. दुसऱ्या फेरीत चेंडू आधी लावालकडे होता आणि मॅकमास्टरच्या बचावफळीने त्यांचा पास हिसकावला. आता एक फील्ड गोल पुरेसा होता. टाशेक यांनी पुन्हा क्रॅपिन्यालाच पाठवलं. अंतर 20 यार्ड. यावेळी चेंडू खांबांमधून गेला, 41-38, आणि मॅकमास्टरच्या इतिहासातला पहिला व्हॅनिए करंडक हॅमिल्टनला आला.

सर्वोत्तम खेळाडू क्विनलन ठरला आणि ते योग्यच होतं. हा या स्पर्धेतला सर्वांत सुंदर अंतिम सामना, असं आजही अनेक जाणकार म्हणतात. माझंही मत तेच आहे. क्रॅपिन्या पुढे सस्कॅचवन रफरायडर्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला.

वर्षभराने टोरंटोत हेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात भेटले. ग्रे करंडकाच्याच आठवड्यात झालेल्या त्या सामन्याला 37,098 प्रेक्षक आले, आणि स्पर्धेच्या इतिहासातला तो उच्चांक ठरला. लावालने 37-14 असा विजय मिळवून मॅकमास्टरची सलग 21 विजयांची मालिका तोडली आणि सातवा करंडक नेला. 2013पासून व्हॅनिए आणि ग्रे करंडकांचे अंतिम सामने वेगवेगळ्या शहरांत गेले. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. विद्यार्थ्यांच्या खेळाला भरलेलं मैदान आणि देशाचं लक्ष दोन्ही मिळालं होतं ते त्या दोन नोव्हेंबरांत, आणि ती जोडी आणखी काही वर्षं टिकवायला हवी होती.