बोनेरचा किनारा : बुडीची जागा आणि दुकानाची पारख

कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर बोनेर हे नेदरलँड्सच्या अखत्यारीतील लहानसे बेट आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यालगतचे प्रवाळ पाहावयाचे तर होडीने जावे लागते. बोनेरला बव्हंशी तशी गरज पडत नाही. रस्त्याच्या कडेला मोटार उभी करावी, पाठीवर सिलिंडर बांधावा आणि चालत समुद्रात उतरावे. थोडे पोहून जाताच प्रवाळांचा उतार लागतो. बेट कोरडे, निवडुंगांचे. पावसाबरोबर समुद्रात जाणारा गाळ अल्प, म्हणून पाणी नितळ. शिवाय वारे बहुतांशी पूर्वेकडून वाहत असल्याने पश्चिमेचा किनारा त्यांच्या आडोशाला शांत राहतो.

मात्र होडी नाही, याचा अर्थ नावाडी नाही आणि पुष्कळदा वाटाड्याही नाही. वारा, लाटा व प्रवाह पाहून उतरावयाचे की परतावयाचे, हे पाणबुड्याने व त्याच्या जोडीदारानेच ठरवावयाचे असते. पाण्यात शिरण्यापूर्वी कोणी जाणता त्यांना पाहत असेल, तर तो साधने भाड्याने देणाऱ्या दुकानातच. म्हणून दुकानाची निवड केवळ दरपत्रकावरून करणे इष्ट नव्हे.

चांगले दुकान प्रथम प्रशिक्षणाचा दाखला मागते आणि शेवटची बुडी केव्हा घेतली होती, याची चौकशी करते. ज्याला हे प्रश्न पडत नाहीत, त्या दुकानाचा उंबरठा ओलांडू नये. सिलिंडरात निव्वळ प्राणवायू असतो, ही समजूत सार्वत्रिक असली तरी चुकीची आहे. सामान्यतः त्यात दाबून भरलेली साधी हवाच असते, आणि ती शुद्ध हवी. हवा भरणाऱ्या यंत्राजवळ मोटारीचा धूर येत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत जातो. त्यास वास नसतो, पण खोल पाण्यात तो प्राणघातक ठरू शकतो. सिलिंडरावर कोरलेली दाबचाचणीची तारीखही पाहून घ्यावी. बेटावर पहिल्या बुडीपूर्वी नियमांची माहिती घेणे आणि मग एक तपासणीची बुडी घेणे आवश्यक असते. जे दुकान हा सोपस्कार दोन मिनिटांत उरकते, ते इतरही गोष्टी तसेच उरकत असावे.

बुडीच्या जागा रस्त्यालगतच्या पिवळ्या दगडांवर नावे रंगवून दाखविल्या आहेत. दगड जागा सांगतो; आजचा समुद्र सांगत नाही. ‘हजार पायऱ्या’ या ठिकाणी पायऱ्या प्रत्यक्षात शंभरही नाहीत, पण ओल्या साधनांसह चढताना नाव सार्थ वाटते. १९८४ मध्ये बुडालेले ‘हिल्मा हूकर’ हे जहाज सुमारे ३० मीटर खोलीवर आहे. नवशिक्याने त्याच्या मोहात पडू नये. मिठाच्या धक्क्याखाली जहाज लागलेले असताना उतरता येत नाही. किनारा बहुतेक ठिकाणी प्रवाळांच्या तुकड्यांचा आहे, त्यामुळे जाड तळव्याचे बूट लागतात. जाताना प्रवाहाविरुद्ध जावे, म्हणजे दमून परतताना प्रवाहाची साथ मिळते. मोटारीत मौल्यवान वस्तू मुळीच ठेवू नये, चोऱ्या होतात.

भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा समुद्र १९७९ पासून संरक्षित उद्यान आहे. त्याच्या देखभालीसाठी पाणबुड्यांकडून शुल्क घेतले जाते. हातमोज्यांस तेथे मनाई आहे, कारण मोजा घातलेला हात निर्धास्तपणे प्रवाळ धरतो. २०२३ मध्ये कठीण प्रवाळांच्या ऊती झडविणारा रोग या बेटावर आढळला. रोगाचा संसर्ग एका जागेहून दुसरीकडे जाऊ नये, यासाठी साधने जंतुनाशकात बुडवून धुतली जातात. दुकानाच्या दारात अशी टाकी आहे का आणि ती वापरण्याचा आग्रह धरला जातो का, हे अवश्य पाहावे.

परतीच्या विमानाची वेळ जाणते दुकान पहिल्याच दिवशी विचारून ठेवते. अनेक दिवस बुड्या घेतल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जमिनीवर काढणे आवश्यक मानले जाते.