‘आरसेप’चा वाद : ऐकीव काय, खरे काय

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी’, म्हणजेच ‘आरसेप’ या मुक्त व्यापार करारात सामील होणार नसल्याचे जाहीर केले. २०१२मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटींतून आपण अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडलो. दूध उत्पादक, पोलाद आणि कापड उद्योग, कामगार संघटना, स्वस्त औषधांसाठी झगडणारे कार्यकर्ते असे एरवी एका बाजूला न दिसणारे लोक या कराराविरुद्ध एकत्र आले होते. उरलेल्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२पासून करार लागू होऊ लागला.

आपल्याकडचा वाद मात्र संपला नाही. ऑस्ट्रेलिया असो, ब्रिटन असो की युरोपीय संघ, प्रत्येक नव्या वाटाघाटीच्या वेळी त्याच घोषणा आणि तेच दावे परत ऐकू येतात. ज्या निर्णयावर गोठ्यातल्या दुधाचा भाव आणि कारखान्यातली नोकरी अवलंबून आहे, त्याबद्दलचे मत ऐकीव माहितीवर बनवणे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून काही ठळक गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : सही झाली की सगळ्या वस्तूंवरचे आयात शुल्क शून्य होते.

वस्तुस्थिती : करारात हजारो वस्तूंची यादी असते आणि प्रत्येक वस्तूपुढे शुल्क किती व कधी कमी होणार, हे लिहिलेले असते. काहींवरचे शुल्क लगेच जाते, काहींवरचे टप्प्याटप्प्याने, तर काही वस्तू संवेदनशील ठरवून पूर्ण वगळल्या जातात. ‘आरसेप’मध्ये सुमारे ९० टक्के वस्तूंवरचे शुल्क हटवण्यासाठी २० वर्षांपर्यंतची मुदत आहे. २०२२च्या ऑस्ट्रेलिया करारातून आणि २०२५च्या ब्रिटन करारातून भारताने दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले. डिसेंबर २०२५मध्ये न्यूझीलंडशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हाही दूध वगळलेलेच होते. त्यामुळे ‘करार हवा की नको’ एवढे विचारून भागत नाही. कोणती वस्तू कोणत्या यादीत टाकली, हे विचारले पाहिजे.

गैरसमज २ : ‘आरसेप’मधील न्यूझीलंडच्या दुधाची भीती निराधार होती.

वस्तुस्थिती : हा दावा करणारे आकडे खरे सांगतात. भारतात २०१८-१९मध्ये सुमारे १८.८ कोटी टन दूध झाले, तर न्यूझीलंडचे वार्षिक उत्पादन दोन कोटी टनांच्या थोडे वर आहे. एवढासा देश आपल्याला कसा बुडवणार, असे त्यावरून वाटते. पण न्यूझीलंड आपल्या दुधापैकी सुमारे ९५ टक्के माल निर्यात करतो, आणि तो मुख्यतः भुकटी, लोणी व चीजच्या रूपात. आपल्याकडे दुधाच्या भावावर परिणाम होतो तो नेमका इथे. पिशवीतून विकून उरलेल्या दुधाची दूध संघ आणि खासगी डेअऱ्या भुकटी करतात. भुकटीचा भाव पडला की संकलनाचा दर पडतो.

महाराष्ट्राने हे २०१८मध्ये अनुभवले आहे. देशात भुकटीचे साठे पडून होते, जगाच्या बाजारातही भाव कोसळले होते. सरकारने गाईच्या दुधाला लिटरला २७ रुपये दर ठरवलेला असताना अनेक ठिकाणी उत्पादकाच्या हातात वीस रुपयेही पडत नव्हते. जुलैमध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली दूध बंद आंदोलन झाले आणि अखेर २५ रुपये दर जाहीर करावा लागला. त्या वेळी भुकटीवर ६० टक्क्यांपर्यंतच्या शुल्काचे कुंपण असूनही ही अवस्था झाली. ते कुंपण काढल्यास काय होईल, हा दोन-चार गाई सांभाळणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न पूर्णपणे रास्त होता.

गैरसमज ३ : आपण बाहेर राहिलो, म्हणून चिनी मालाला आळा बसला.

वस्तुस्थिती : चीन २००१पासून जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य आहे. कोणताही खास करार नसताना, नेहमीचे शुल्क भरून त्याचा माल भारतात येतच असतो. चीनसोबतच्या व्यापारातली आपली तूट २०१८-१९मध्ये सुमारे ५४ अब्ज डॉलर होती, २०२४-२५मध्ये ती सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रे, औषधांचा कच्चा माल यांसाठी आपले उद्योग चीनवर अवलंबून आहेत आणि करार नाकारल्याने ते अवलंबित्व संपत नाही.

याचा अर्थ भारताचे आक्षेप चुकीचे होते, असाही नाही. शुल्ककपातीसाठी २०१४चे दर पाया धरले जाणार होते. त्यानंतर भारताने अनेक वस्तूंवरचे शुल्क वाढवले होते, म्हणून २०१९ हे आधारवर्ष धरा, अशी आपली मागणी होती. आयात ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की शुल्क आपोआप वाढावे, आणि तिसऱ्याच देशामार्गे माल घुसू नये म्हणून उगमाचे नियम कडक असावेत, हेही आग्रह होते. शिवाय त्या १५पैकी १२ देशांशी, म्हणजे ‘आसियान’ या आग्नेय आशियाई देशांच्या गटाचे तेव्हाचे दहा सदस्य, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्याशी आपले करार आधीपासूनच होते. कारखान्यांतल्या मालापुरता खरा नवा धोका चीनचाच होता.

गैरसमज ४ : लोकांनी ओरड करून काही बदलत नाही.

वस्तुस्थिती : औषधांचे उदाहरण पाहा. २०१५मध्ये ‘आरसेप’च्या बौद्धिक संपदा प्रकरणाचा मसुदा फुटला. जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या प्रस्तावांत पेटंटची मुदत वाढवण्याच्या आणि औषधांच्या चाचण्यांच्या माहितीवर कंपनीला मक्तेदारी देण्याच्या तरतुदी होत्या. त्या मान्य झाल्या असत्या, तर स्वस्त जेनेरिक औषधे बाजारात यायला उशीर झाला असता. रुग्णांच्या संघटनांनी हा विषय देशोदेशी लावून धरला आणि अंतिम करारात या दोन्ही तरतुदी नाहीत. परदेशी गुंतवणूकदाराला थेट सरकारविरुद्ध लवादात जाऊ देणारी यंत्रणाही त्यात आली नाही.

गैरसमज ५ : वाटाघाटी गुप्तच ठेवाव्या लागतात.

वस्तुस्थिती : आपण कुठवर मागे हटू, हे समोरच्याला आधी सांगता येत नाही, हे खरे. पण गुप्ततेचे प्रमाण प्रत्येक देश ठरवतो. अमेरिकेशी वाटाघाटी चालू असताना जनतेचा विरोध वाढला, तेव्हा युरोपीय आयोगाने जानेवारी २०१५मध्ये आपले लेखी प्रस्ताव प्रसिद्ध केले. युरोपात अशा करारांना युरोपीय संसदेची संमतीही लागते. भारतात तशी अट नाही. परराष्ट्रांशी करार करणे हा केंद्राचा विषय आणि शेती राज्यांचा, तरी शेतीवर परिणाम करणाऱ्या करारावर राज्यांचे मत घेणे बंधनकारक नाही. २००९मध्ये आसियान करारावरून केरळमध्ये रबर, मिरी, नारळ उत्पादकांसाठी मोठा विरोध झाला, तरीही करार पुढे गेला.

गैरसमज ६ : शुल्क गेले की निर्यात आपोआप वाढते.

वस्तुस्थिती : नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगायला नको. चिली, पेरूची द्राक्षे युरोपात बिनशुल्क जात असताना आपल्या द्राक्षांवर आठ टक्क्यांच्या आसपास शुल्क लागत आले. ते हटले, तर फायदाच आहे. पण २०१०मध्ये आपले कंटेनर युरोपात अडकले, ते शुल्कामुळे नव्हे. क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला म्हणून माल नाकारला गेला आणि बागायतदार कर्जात गेले. करारात शुल्काइतकेच महत्त्व अशा मानकांना असते. तपासणी कोणाची धरायची, नियम बदलताना आगाऊ सूचना मिळणार का, प्रयोगशाळा जवळ आहेत का, यावर माल तिथे पोहोचणे अवलंबून असते.

गैरसमज ७ : एकदा अडकलो की सुटका नाही.

वस्तुस्थिती : कागदावर सुटका असते. ‘आरसेप’मधून सहा महिन्यांची लेखी सूचना देऊन बाहेर पडता येते. व्यवहारात ते कठीण असते, कारण तोपर्यंत कारखाने, पुरवठादार, बाजार त्या करारावर उभे राहिलेले असतात. आसियानशी वस्तूंचा करार २०१०मध्ये लागू झाला. आपली तूट वाढत गेली, तरी त्याच्या फेरआढाव्यावर एकमत व्हायला २०२३ उजाडले. म्हणून सहीनंतरच्या दुरुस्तीवर भिस्त ठेवता येत नाही. जी काळजी घ्यायची, ती सहीआधीच घ्यावी लागते.

यातून एकच मागणी पुढे येते, आणि ती करार हवा असणाऱ्यांनी व नको असणाऱ्यांनी मिळून करावी. भारताचे लेखी प्रस्ताव वेळेत प्रसिद्ध व्हावेत, शेतीशी संबंधित याद्यांवर राज्यांशी सल्लामसलत व्हावी आणि सहीपूर्वी मसुद्यावर संसदेत चर्चा व्हावी. २०१९मध्ये सरकारला शेवटच्या दिवशी जे ऐकावे लागले, ते दूध उत्पादक, छोटे कारखानदार आणि रुग्ण कितीतरी आधीपासून सांगत होते. ते ऐकण्याची रीतसर जागा असती, तर इतकी वर्षे घालवून रिकाम्या हाताने उठण्याऐवजी आपल्या अटी भक्कम करून घेण्याची संधी तरी मिळाली असती.