आईपुढेच लोळण का?

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी मढीला गेले होते. पाथर्डी तालुक्यातलं हे कानिफनाथांचं ठिकाण. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत इथं यात्रा असते. गडाच्या वाटेवर, खेळण्यांच्या दुकानापुढे, अडीचेक वर्षांच्या एका पोरानं अंग टाकलं होतं. पिपाणी हवी होती. पाय झाडणं, धुळीत लोळणं, घसा बसेपर्यंत भोकाड. शेजारी आई उभी होती. तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे अजून ताजे होते. नवरा-बायको ऊसतोडीहून परतून चारच दिवस झाले होते. आजी सुनेला म्हणाली, ‘‘पाच महिने माझ्यापाशी होता, एकदा असा लोळला नाही. तू आली अन् बिघडला.’’

पाथर्डी-शेवगावकडच्या किती घरांत या दिवसांत हेच वाक्य ऐकू येत असेल! दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, बाहेर पडतात, लहानगं आजीपाशी राहतं, आणि पाडव्याच्या सुमाराला आई परतली की ते आधी ओळखच दाखवत नाही. मग दोन दिवसांनी पदर सोडत नाही आणि तिच्याच अंगावर हात उगारतं.

पोर बिघडलेलं नसतं. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये एक चित्रपट केला. रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या अडीच वर्षांच्या मुलीची ती गोष्ट. त्या काळी तिथं आईबापांना मुलापाशी थांबू देत नसत. मुलगी शहाण्यासारखी वागत राहिली; घरी न्यायला आलेल्या आईचा हात मात्र तिनं धरला नाही. आठ दिवसांत एवढं, तर पाच महिन्यांचं काय? आजीपाशी गप्प राहिलेलं रडू आईपुढे बाहेर पडतं, कारण ती ऐकून घेईल याची त्याला खात्री असते. म्हणून त्या आईला मी सांगितलं, ‘‘बाई, तो तुझ्यावर रुसलाय. रुसतो तो आपल्या माणसावरच.’’

आई घरी असली तरी दीड ते साडेतीन वर्षं हा हट्टाचाच काळ. हवं ते कळतं, सांगायला शब्द पुरत नाहीत. दोन वर्षांचं मूल दोन-दोन शब्द जोडून बोलतं. ‘ऊन लागतंय, झोप आलीय, तुझा हात सुटेल अशी भीती वाटतेय’ हे ते कसं सांगणार? राग आवरणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. अशा आकांतांचा बारकाईनं अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधकांना २००३ साली दिसलं की राग सुरुवातीलाच शिगेला पोचतो आणि ओसरतो; दुःख मात्र अखेरपर्यंत सोबत असतं. रागाच्या भरात समजावणं वाया जातं ते यामुळेच. धपाटा घातला तर भीती बसते, शिवाय ‘मोठ्या माणसानं चिडलं की मारायचं असतं’ हेही पोर शिकतं. ‘पोलीस नेतील’, ‘सुई टोचतील’ हा धाक तर मला फार वाईट वाटतो. पुढे खरंच दवाखान्यात न्यावं लागतं, तेव्हा ते मूल कुणाच्या भरवशावर जाणार?

पण पिपाणी घेऊन देणं हाही उपाय नाही. इतके महिने दूर राहिल्याची टोचणी आईच्या मनाला असते, म्हणून ती मागेल ते घेऊन देते. तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा दिलं की पोराला कळतं, जास्त वेळ रडायचं असतं. या हट्टात शिस्त लागते ती आधी घरातल्या मोठ्यांना. आईचं ‘नाही’ आणि आजीचं ‘घे’ एकाच अंगणात नांदू शकत नाही.

त्या दिवशी आजीचा हात कनवटीला गेला. ‘‘आत्याबाई, नका देऊ,’’ असं हळूच म्हणून सून धुळीत पोराशेजारी बसली. ‘‘पिपाणी पाहिजे व्हती ना? आज नाही घ्यायची. मी हितंच हाय.’’ एवढंच, दोनदा. पोरानं तिचा हात झिडकारला, तिनं पुन्हा धरला नाही. चारेक मिनिटांनी आवाज उतरला, नुसते हुंदके राहिले. मग ते आपणहून तिच्या मांडीत शिरलं.

काही मुलं रडता रडता श्वास कोंडतात, काळीनिळी पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. घरच्यांचा जीव उडतो आणि तिथून पुढे पोराला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. बहुतेक वेळा श्वास आपोआप परततो आणि अपाय होत नाही; तरी डॉक्टरांना एकदा दाखवावंच. पुष्कळदा अंगात लोह कमी असतं आणि औषधानं हे प्रकार कमी होतात.

आता दिवाळीनंतर कोयते पुन्हा निघतील. पोर झोपलेलं असताना पहाटे गुपचूप निघायची पद्धत आहे. रडलेलं बघवत नाही म्हणून. पण उठल्यावर आई नाही हे पाहिलेलं मूल पुढे झोपायलाच घाबरतं. त्याला उठवावं, सांगावं, आपलं एखादं जुनं लुगडं अंथरुणात ठेवून जावं. ते रडेल. रडू द्यावं.